लग्न झालेलं नाही, याचा पुरावा

जर्मनीत लग्न करू इच्छिणाऱ्या परदेशी माणसाकडे एक कागद मागितला जातो. त्याचं नाव 'एहेफेहिगकाइट्सत्सॉइग्निस'. शब्द एका दमात म्हणता येत नाही, पण अर्थ साधा आहे. हा माणूस लग्न करायला मोकळा आहे, आमच्या कायद्याप्रमाणे त्याच्या लग्नाला आडकाठी नाही, असं त्याच्या देशाने लिहून द्यायचं. जर्मन दिवाणी संहितेच्या कलम १३०९ मध्ये ही अट आहे. कागदाचं आयुष्य सहा महिने, म्हणजे सहा महिन्यांनी माणसाचं अविवाहितपण शिळं होतं.

जर्मन कायद्याला हवा तसा दाखला देणारं खातं भारतात नाही. मग भारतीय माणसाने त्या प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयाच्या अध्यक्षांकडे सूट मागायची. त्यासाठी जन्मदाखला, अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र, त्यांची शपथबद्ध भाषांतरकाराकडून केलेली भाषांतरं. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतली. त्यामुळे आपल्याकडचा अपोस्टिलचा शिक्का तिथे चालत नाही. लग्नाचं नोंदणी कार्यालय आपली कागदपत्रं भारतातल्या जर्मन वकिलातीकडे पडताळणीला पाठवू शकतं. वकिलातीने नेमलेला वकील मग जागेवर जाऊन दप्तरं पाहतो, प्रसंगी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशीही करतो. यात महिने जातात.

या सगळ्यावर वैतागणं सोपं आहे, आणि परदेशातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते यथास्थित चालतं. मला मात्र त्यामागचा प्रश्न जास्त छळतो. घडलेल्या गोष्टीचा पुरावा देता येतो. न घडलेल्या गोष्टीचा कसा द्यायचा?

माझ्या धंद्यात हा प्रश्न रोज येतो. यादीत नाव सापडलं नाही, तर ती गोष्ट नाहीच असं धरायचं का? रेल्वेच्या आरक्षणाच्या तक्त्याबाबत धरता येतं, कारण तक्त्याबाहेर आरक्षण अस्तित्वातच नसतं. ओळखीच्या माणसांच्या यादीबाबत धरता येत नाही. लग्नाचं काय, हे देशावर अवलंबून आहे. जर्मनीत नोंदणी अधिकाऱ्यासमोर उभं राहिल्याशिवाय कायद्याने लग्न होतच नाही, त्यामुळे तिथलं रजिस्टर रेल्वेच्या तक्त्यासारखं आहे. पोर्तुगीज वारशामुळे गोव्यातही नोंदणीला असंच मध्यवर्ती स्थान आहे. उरलेल्या भारतात लग्न मांडवात होतं आणि नोंद झाली तर नंतर होते. महाराष्ट्रात नोंदणीचा कायदा १९९८ पासून आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सगळ्याच राज्यांना नोंदणी सक्तीची करायला सांगितलं. पण नोंद नसली म्हणून लग्न रद्द होत नाही. म्हणजे रजिस्टरात नाव नसण्याला आपल्याकडे फारसा अर्थ नाही. भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर जोडीदाराच्या नावाची ओळ असते. ती रिकामी असेल तर जोडीदार नाही असं समजायचं, की कोणी लिहिलं नाही एवढंच? 'शून्य' आणि 'माहीत नाही' यांतला फरक न केल्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये किती गोंधळ होतात ते मी जाणतो, पण तिथे कुणाचं लग्न अडत नाही.

जिथे रजिस्टर उत्तर देऊ शकत नाही तिथे उरतो माणसाचा शब्द. नोटरीपुढे केलेलं प्रतिज्ञापत्र हा खरं तर शब्दच असतो, फक्त त्याला दंडाची दोरी बांधलेली असते. खोटं बोललात तर शिक्षा होईल, म्हणून तूर्तास तुमच्यावर विश्वास ठेवतो, असा तो व्यवहार. मला तो सन्माननीय वाटतो. जर्मन पद्धतीला तो पुरत नाही. निदान परदेशी माणसाच्या बाबतीत, आणि उघडपणे तरी. लपूनछपून पुरतो. जर्मनीत पत्ता नोंदवताना नगरपालिका एक फॉर्म भरून घेते, त्यात वैवाहिक स्थितीचा रकाना असतो. नव्याने आलेला माणूस 'अविवाहित' लिहितो, आणि पुष्कळदा कोणी पुरावा मागत नाही. वर्षभराने तीच नगरपालिका तीच माहिती शिक्का मारून दाखल्यावर छापून देते. आता तो सरकारी कागद! माझ्या एका मित्राने याच दाखल्यासह डेन्मार्कमध्ये लग्न केलं. मुलगा सांगलीचा, मुलगी कोलंबियाची, दोघांची ओळख जर्मनीतल्या ऑफिसात झालेली. जर्मनीतल्या कागदांना कंटाळलेली जोडपी डेन्मार्कला जातात. कोपनहेगन, सीमेजवळचं ट्योनर, एरो नावाचं छोटं बेट, या ठिकाणी परदेशी लग्नांचा जणू व्यवसायच आहे. २०१९ पासून तिथे अर्ज एका मध्यवर्ती सरकारी कार्यालयाकडे जातात. ते पासपोर्ट, व्हिसा, जुनी लग्नं झाली असतील तर त्यांची कागदपत्रं आणि नातं खरं असल्याच्या खुणा तपासतं, मग चार महिने चालणारं प्रमाणपत्र देतं. मित्राला ते काही आठवड्यांत मिळालं. जर्मनीने ते लग्न मान्यही केलं. जो कागद जर्मनीत लग्न करताना अपुरा ठरला असता, तो शेजारच्या देशात जाऊन आल्यावर कोणाला खटकला नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख नोकरशाहीच्या गमतींचा झाला असता. पण 'तुझं आधी लग्न झालंय का' हा प्रश्न मुळात फालतू नाही. तो एका गैरहजर माणसाच्या वतीने विचारला जातो. ती बहुधा बाई असते, इथे नसते, आणि आपल्याबद्दल कुठे काही विचारलं जातंय हे तिला माहीतही नसतं. मुंबई प्रांताने १९४६ सालीच हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला बंदी घातली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती देशभर लागू केली. तरी १९६५ साली महाराष्ट्रातल्या एका खटल्यात दुसरं लग्न करणारा नवरा सर्वोच्च न्यायालयातून सुटला. तो निर्दोष वागला होता म्हणून नव्हे. दुसरं लग्न आवश्यक त्या विधींनी, रीतसर लागलं होतं हे सिद्ध झालं नाही, म्हणून. पहिलीकडे लग्न होतं, पण 'दुसरं लग्न झालं' याचा पुरावा नव्हता. हा निकाल वाचला की पुराव्याच्या कटकटीला हसणं मला जड जातं. परदेशी गेलेल्या नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांचा प्रश्न तर इतका मोठा आहे की २०१९ साली अनिवासी भारतीयांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करणारं विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपला २८७ वा अहवाल याच विषयावर दिला. परदेशस्थ भारतीयांची लग्नं भारतात नोंदली जावीत आणि पासपोर्टमध्ये वैवाहिक स्थिती नमूद व्हावी, अशा त्याच्या शिफारशी आहेत. जर्मनीतला अधिकारी जेव्हा माझ्या मित्राला विचारतो की सांगलीत तुझी बायको नाही कशावरून, तेव्हा तो, त्याच्या मनात असो वा नसो, अशा एखाद्या बाईचा वकील असतो.

म्हणून कोणत्याही अटीला मी एकच प्रश्न विचारायला शिकलो आहे: हे कोणाच्या वतीने विचारलं जातंय? ज्याला या लग्नाने खरोखर इजा होऊ शकते अशा माणसाच्या वतीने असेल, तर कितीही कटकट झाली तरी सोसली पाहिजे. दुसऱ्या कुणाच्या वतीने असेल, तर ती अट लग्नाच्या दारात उभी राहायला पात्र नाही.

ही कसोटी लावायला जर्मनीतलंच एक प्रकरण घेऊ. स्पेनचा एक अविवाहित पुरुष आणि एक घटस्फोटित जर्मन बाई यांना लग्न करायचं होतं. स्पेनमध्ये फ्रँकोची राजवट, घटस्फोट कायद्यात नाही. स्पेनच्या लेखी ती बाई अजून तिच्या पहिल्या नवऱ्याची बायको. त्यामुळे स्पेन 'आडकाठी नाही' असं लिहून देईना, आणि जर्मन न्यायालयाच्या अध्यक्षांनी सूट नाकारली. आता यात गैरहजर माणूस कोण? बाईचा पहिला नवरा. त्याचा घटस्फोट जर्मन न्यायालयानेच केलेला. त्याला या लग्नाने काही होणार नव्हतं. मग प्रश्न विचारत होतं कोण? स्पेनचं सरकार आणि त्यामागचं कॅथलिक चर्च. ४ मे १९७१ रोजी जर्मनीच्या घटना न्यायालयाने निकाल दिला की लग्नाचं स्वातंत्र्य परदेशी माणसालाही आहे, आणि दुसऱ्या देशाचा कायदा लावतानाही मूलभूत हक्कांना बगल देता येणार नाही. कागदाची अट राहिली, पण तो कागद म्हणजे परक्या राज्याला दिलेला नकाराधिकार नव्हे, हे ठरलं.

ब्रिटनचा इतिहास याहून कडवट आहे, कारण तिथे प्रश्न विचारणारी सीमाच होती. १९७९ च्या जानेवारीत एक पस्तिशीची भारतीय शिक्षिका नियोजित वराशी लग्न करायला हीथ्रोवर उतरली. तेव्हाच्या नियमांनुसार तीन महिन्यांत लग्न करणार असलेल्या वाग्दत्त वधूला व्हिसा लागत नसे, आधीच लग्न झालेल्या बायकोला मात्र परवानगी लागे. अधिकाऱ्याला संशय आला की ही बायकोच असावी. मग तिचं लग्न झालेलं नाही याचा पुरावा त्यांनी शोधला तो तिच्या शरीरात: डॉक्टरकडून तिची कौमार्य चाचणी करण्यात आली. भारतीय अविवाहित बाई म्हणजे कुमारिकाच असणार, या समजुतीवर ती तपासणी उभी होती. बातमी फुटल्यावर भारत सरकारने निषेध केला आणि ब्रिटनने ही पद्धत बंद केली. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०११ साली ब्रिटिश दप्तरांतून दाखवून दिलं की अशा किमान ऐंशी तपासण्या झाल्या होत्या. न घडलेल्या गोष्टीचा पुरावा हवाच असा हट्ट धरला की तो कुठवर जातो, याचं याहून वाईट उदाहरण मला माहीत नाही. भारतात कुठे तिचा नवरा असेल आणि त्याच्यावर अन्याय होईल, या काळजीपोटी ती तपासणी झाली नव्हती. रांगेतला एक माणूस कमी करायचा होता.

पुढे १९८० च्या दशकात 'मुख्य हेतू'चा नियम आला. व्हिसा मागणाऱ्या जोडीदाराने सिद्ध करायचं की लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये येणं हा नाही. भारतीय उपखंडातल्या ठरवून केलेल्या लग्नांवर तो सरळ घाव होता. नवरा-बायको एकत्र नांदतात हे मान्य करूनही हेतू सिद्ध झाला नाही म्हणून अर्ज फेटाळता येई. आमच्या आजीला कोणी विचारलं असतं की आजोबांशी लग्न करण्यामागे तुमचा मुख्य हेतू काय होता, तर ती म्हणाली असती, वडिलांनी ठरवलं. हे उत्तर नापास! लेबर पक्षाने १९९७ साली सत्तेवर येताच हा नियम काढला.

आणि मग २००५. इमिग्रेशनच्या नियंत्रणाखालच्या परदेशी माणसाने ब्रिटनमध्ये लग्न करायचं तर गृहमंत्र्यांची लेखी परवानगी घ्यायची, असा नियम झाला. फी आधी १३५ पौंड, नंतर २९५. व्हिसाची मुदत थोडी असेल तर परवानगी नाहीच. पण लग्न चर्च ऑफ इंग्लंडमध्ये, त्या चर्चच्या विधीने लावलं तर परवानगीची गरज नाही! हिंदू, मुसलमान, कॅथलिक, नास्तिक यांची लग्नं संशयास्पद, अँग्लिकन लग्न प्रामाणिक. २००८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, आणि २०१० साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने या योजनेवर बोट ठेवलं. तिथल्या तर्काचा गाभा साधा होता. खोटी लग्नं रोखायचा अधिकार राज्याला आहे, पण लग्न खरं की खोटं हे न तपासताच एका गटावर सरसकट बंदी घालता येत नाही. २०११ मध्ये योजना रद्द झाली.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. खोटी लग्नं होतात. पैसे घेऊन होतात, दलाल असतात, आणि कधीकधी त्यात एका बाजूचा माणूस अक्षरशः विकला जातो. राज्याने डोळे मिटून बसायचं का? मला वाटतं, उत्तर दोन दारं वेगळी ठेवण्यात आहे. एक दार लग्नाचं, दुसरं देशात राहण्याचं. दुसऱ्या दाराशी राज्य स्वतःच्या वतीने प्रश्न विचारू शकतं: तुम्ही एकत्र राहता का, कमावता किती, भाषा येते का. त्यातले काही प्रश्न मला निर्दय वाटतात, पण ते राज्याचे प्रश्न आहेत. व्हिसा नाकारला तरी लग्न उरतं, माणसं दुसऱ्या देशात संसार मांडू शकतात. पहिलं दार बंद केलं तर काहीच उरत नाही. फ्रान्सच्या घटना परिषदेने २००३ साली नेमकं हेच म्हटलं: परदेशी माणूस बेकायदा राहतोय, एवढ्या एका कारणाने त्याला लग्न करण्यापासून अडवता येणार नाही.

दोन दारं एक झाली की काय होतं ते भारतीयांनी फार आधी पाहिलं आहे. १४ मार्च १९१३ रोजी केप प्रांताच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी बाई मरियम या भारतीय स्त्रीच्या प्रकरणात निकाल दिला. ती नवऱ्याकडे राहायला आली होती, तिला बंदरावर अडवलं होतं. न्यायालय म्हणालं की ख्रिस्ती विधीने न झालेली आणि तिथे नोंद नसलेली लग्नं या कायद्यापुढे लग्नं नव्हेत. प्रश्न एका बाईच्या प्रवेशाचा होता, आणि उत्तराने दक्षिण आफ्रिकेतल्या जवळजवळ सगळ्या हिंदू, मुसलमान, पारशी बायका कायद्याच्या नजरेत बायका राहिल्या नाहीत. तोवर सत्याग्रहात बायका नव्हत्या. त्या या मुद्द्यावर उतरल्या. सप्टेंबर १९१३ मध्ये कस्तुरबांना अटक झाली, तीन महिने सक्तमजुरी झाली. १९१४ च्या कायद्याने ती लग्नं मान्य करून घेतली. कस्तुरबांच्या लग्नाला तेव्हा तीस वर्षं झाली होती आणि त्याचा कागद अर्थातच नव्हता.

हे सगळं युरोपचं आणि वसाहतींचं पाप म्हणून बाजूला सारता येईल, पण आपल्याकडच्या विशेष विवाह कायद्याचं काय? १९५४ चा हा कायदा परदेशी माणसालाही भारतात लग्नाची वाट देतो. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात तीस दिवस राहिलेलं असावं, मग नोटीस द्यायची, अधिकाऱ्याने ती कार्यालयात ठळक जागी लावायची, आणि तीस दिवसांत कोणीही हरकत घेऊ शकतो. हरकतीची कारणं कायद्याने बांधलेली आहेत. त्यातलं पहिलंच म्हणजे दोघांपैकी कुणाचा जोडीदार हयात असणं. म्हणजे कागदावर ही नोटीस त्या गैरहजर बाईसाठीच आहे. तिने तालुक्याच्या गावाहून येऊन फलकावरचं नाव वाचावं आणि म्हणावं, हा माझा नवरा आहे. प्रत्यक्षात तो फलक वाचतात मुलीचे काका, भाऊ, आणि ज्यांचा त्या दोघांशी काडीचा संबंध नाही अशी माणसं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये म्हटलं की ही नोटीस जाहीर करणं जोडप्याच्या मर्जीवर असावं. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने आंतरधर्मीय लग्नांसाठी 'समन्वय समिती' नेमली. ती कोणाच्या वतीने विचारते, याचं उत्तर मला त्या शासन निर्णयात सापडलं नाही.

अभियंता म्हणून मला उपाय सुचवायची खोड आहे. हरकतीचा हक्क फक्त 'मी जोडीदार आहे' म्हणणाऱ्याला ठेवा, फलक काढा, आणि देशांनी एकमेकांची रजिस्टरं एकमेकांना विचारावीत, माणसांना नव्हे. विधी आयोगाची शिफारसही साधारण त्याच वाटेने जाते. युरोपात याने बरंच साधेल. आपल्याकडे अडतं ते नेमकं जिच्यासाठी हे सगळं करायचं तिच्यापाशी. तिच्या लग्नाची नोंद नसते. आंतरपाट धरलेला मामा, लग्नाचा अल्बम, पंगतीला जेवलेलं दोनशे माणसांचं गाव, हेच तिचं रजिस्टर. रजिस्टरांच्या जाळ्यात ती सापडणार नाही. तिचं लग्न झालंय हे सांगू शकेल ते फक्त गाव. आणि फलकासमोर भाऊ, काका आणि चार अनोळखी माणसं घेऊन उभं राहतं, तेही गावच. वकिलातीने पाठवलेला वकील गल्लीत चौकशी करत येतो, तेव्हा तोही त्याच गावाला विचारत असतो. डेन्मार्कच्या त्या कार्यालयात माझ्या मित्राच्या गल्लीतल्या कोणालाही विचारलं नाही, म्हणून तो सुखाने लग्न करू शकला. दुसरा एखादा, ज्याची बायको मिरजेत आहे, तोही तितक्याच सुखाने करू शकेल.